क्लच अर्ध्यावर थांबत होता

घाटनांदूर
१६ जून २०२५

चि. रुद्राणी,

टपालानं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. माझी तब्येत बरी आहे, घर जागेवर आहे, दुकान दुपारपर्यंत उघडतो. धाकट्या महांतेशचा फोन पुण्याहून दर रविवारी येतो. तुझा सांगलीहून सणाला येतो. तू विचारतेस, "जेवलात का अप्पा?" मी म्हणतो, "जेवलो. तू?" तू म्हणतेस, "हो." मग दोघंही थोडा वेळ फोन नुसताच धरून बसतो आणि शेवटी तू म्हणतेस, "ठेवू?" आठ वर्षांत आपण याच्यापुढे गेलो नाही. कागदावर "ठेवू?" म्हणणारं कोणी नसतं, म्हणून लिहायला बसलो.

कारण मात्र साधं आहे. आपल्या गाडीचा गिअर जड पडायला लागलाय.

गाडी तीच, पांढरी. सोळा वर्षांची झाली. गेल्या साली कागद नवे करून घेतले तेव्हा तपासणारे साहेब म्हणाले, "काका, गाडी ठेवलीय मात्र छान." घरी आल्यावर हे कोणाला सांगावं म्हणून मी इकडंतिकडं बघितलं. शेवटी शेजारच्या सावित्रीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि मेथी निवडत राहिल्या.

तर गिअर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मध्येच अडतो. पावसाळ्यात फुगलेलं दार लावताना खांदा लावावा लागतो ना, तसा जोर लावावा लागतो. रिव्हर्स टाकला की खर्रकन आवाज येतो आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतात. तिसरा-चौथा त्यातल्या त्यात बरा. मला वाटतं ऑइल जुनं झालं असावं. महांतेशला विचारलं तर तो म्हणतो, "विकून टाका आता." त्याच्या गाडीला हातानं टाकायचा गिअरच नाही, त्याला काय कळणार.

आपल्या घरात गिअरचं ज्ञान होतं ते तुला. अंबाजोगाईला एकवीस दिवस क्लासला जायचीस आणि रोज संध्याकाळी मलाच शिकवायचीस. "अप्पा, दांडा ओढू नका, बोटांनी न्या." दुकानाचा टेम्पो वीस वर्षं हाकलेला माणूस मी, पोरीकडून शिकतोय म्हणून गिऱ्हाइकं हसायची आणि मला त्याचीच ऐट वाटायची. आपल्या पेठेत तेव्हा गाडी चालवणारी दुसरी मुलगी नव्हती.

म्हणून तुलाच विचारतो. तुझ्या हातात गाडी होती तेव्हा दुसरा गिअर कसा पडायचा? अडायचा का?

हा प्रश्न खोडणार होतो. राहू दे.

बाकी गाडीत सगळं जसंच्या तसं आहे. समोर बसवण्णांची तसबीर आहे. चपला काढूनच आत बसायचं हा नियम आहे आणि चपलांची कापडी पिशवी डिकीत आहे. आता तीत फक्त माझ्याच चपला असतात.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी मी लिहीन.

अप्पा


५ जुलै २०२५

चि. रुद्राणी,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलं असं धरून चालतो.

गिअरचं ऑइल बदललं. काडीचा फरक पडला नाही. मग गाडी सुग्रीवकडे नेली. तुला सुग्रीव आठवत असेल, रेल्वे गेटजवळ पंक्चर काढायचा. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. ऑइल बदलल्याचं ऐकून तो माझ्यावरच उखडला.

"ऑइल कावून बदललं अप्पा? आधी इचारायचं तरी."

"जुनं झालं होतं," मी म्हणालो.

"जुने तर तुमी बी झालाव," तो म्हणाला. पहिल्यापासून तोंडाळच आहे.

त्यानं गाडीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "घरी जावा. गाडी बंद ठेवा, क्लच दाबा आन् पाचीच्या पाची गिअर टाकून बघा. मंग चालू करून तेच करा. फरक पडतो का, एवढं मला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर दारासमोर उभ्या गाडीत जाऊन बसलो. बंद गाडीत बसून पहिला, दुसरा, तिसरा करत होतो. सावित्रीबाई झाडायला बाहेर आल्या आणि झाडू हातात धरून उभ्याच राहिल्या.

"कुठं निघालाव अप्पा?"

"कुठं न्हाई."

"मंग गाडीत कावून बसलाव?"

"गिअर बघतोय."

थोड्या वेळानं त्यांनी खिडकीतून चहा दिला. एकटा माणूस बंद गाडीत बसलेला बघून त्यांना काय वाटलं असेल ते असो. कप शेजारच्या सीटवर ठेवला. तुझ्या आईनं ठेवू दिला नसता. ती असती तर मी गाडीत बसून चहा प्यायलोच नसतो म्हणा. घरात नेऊन प्यायचा तर घरात तरी कोण आहे, म्हणून तिथंच बसून प्यायलो. खरं सांगतो रुद्राणी, त्या दिवशी मला घरात जावंसंच वाटेना.

तर निकाल असा. गाडी बंद असताना पाचही गिअर अलगद पडतात. चालू केली की पहिला जड, दुसरा त्याहून जड आणि रिव्हर्स टाकताना खरखर.

सुग्रीव म्हणाला, "मंग गिअरचा डब्बा चांगला हाय. तुमचा क्लच पुरा सुटत न्हाई." त्यानं मला समजावून सांगितलं. चालू इंजिन गाडीला धरून असतं. क्लच तळापर्यंत दाबला की ती पकड सुटते आणि गिअर आपल्या जागी बसतो. क्लच अर्धाच दाबला गेला तर पकडही अर्धीच सुटते. मग गिअर जागेवर बसत नाही आणि माणूस दांड्यावर जोर करत राहतो.

"आन् चालवणारा चांगला आसला तर?" मी विचारलं.

"कितीबी चांगला आसू द्या. क्लच खाली गेला न्हाई तर गिअर पडणार न्हाई."

मला घाम फुटला होता. ऊनही होतं तसं.

दुकान उघडायचं आहे, आज इथंच थांबतो.

अप्पा


२६ जुलै २०२५

चि. रुद्राणी,

क्लचची केबल बदलली. जुनी आतून गंजून ताठ झाली होती, सुग्रीवनं ती माझ्या हातात दिली तर सुतळीसारखी वळायच्याऐवजी काठीसारखी उभी राहिली. नवी टाकली, पेडल वर-खाली करून बसवलं आणि मला म्हणाला, "जावा, चक्कर मारून या." मी अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलो. जरा हलकं वाटलं, पण दुसरा गिअर अडायचा तो अडलाच.

नाल्याचा उतार आला आणि चढाच्या अलीकडून मी परत वळलो.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. बाकी सगळे बोलले. मी एकदा नीट लिहून काढतो, काही चुकलं तर सांग.

२०१४ चा जानेवारी. वेळ अमावस्या होऊन आठवडा झाला होता. तुझ्या आईचे डोळे दाखवायला तू तिला अंबाजोगाईला घेऊन निघालीस. तुझ्या हातात गाडी येऊन तीन महिने झाले होते. पुढं बसलं की आईला मळमळायचं म्हणून ती मागं डाव्या बाजूला बसली होती. नाल्याचा उतार उतरून तू चढाला लागलीस आणि दुसरा टाकायला गेलीस. तिसरा निघाला, दुसरा पडेना. गाडी मधल्यामध्ये राहिली आणि मागं सरकायला लागली. ब्रेक तू दाबलास, पण तोवर मागचं डावं चाक नाल्यावरच्या मोरीच्या कडेवरून खाली उतरलं होतं. गाडी तिथंच आदळली. आईचं खुब्याचं हाड मोडलं. मागून आलेल्या जीपवाल्यानं तुम्हाला दवाखान्यात पोचवलं आणि गाडी रात्रभर तिथंच राहिली.

दवाखान्यात तू एकच वाक्य बोलत होतीस. क्लच खाली जात नव्हता, अर्ध्यावर थांबत होता. महांतेशला सांगितलंस, माझ्या थोरल्या भावाला सांगितलंस, कंपाउंडरला सांगितलंस. मी आल्यावर मलाही सांगितलंस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हिला येत नव्हतं तर चावी द्यायलाच नको होती, चूक माझी." चूक माझी म्हणालो, पण ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळलं आणि तुलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी गाडी उचलून रस्त्यावर घेतली आणि मी ती चालवत घरी आणली. क्लचला काही झालं नव्हतं. पुढं कोणीही विचारलं की मी हेच सांगायचो, गाडी मी स्वतः चालवत आणली. ते खरंच होतं. चालवतच आणली होती.

त्यानंतर तू गाडीला हात लावला नाहीस. महांतेश सांगतो, सांगलीत दारात गाडी आहे पण तू शाळेला बसनं जातेस. कोणी विचारलं तर म्हणतेस, मला येत नाही.

सुग्रीवला म्हणालो, केबल बदलूनही गिअर जडच आहे. तो डोकं खाजवत बसलाय.

अप्पा


७ ऑगस्ट २०२५

चि. रुद्राणी,

तुझा मेसेज आला. "पायाखालचं मॅट क्लचखाली सरकतं का ते बघा." एवढंच. ना अप्पा, ना नमस्कार. तरी मी तो दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचला, ते गेल्यावर वाचला आणि घरी येऊन चष्मा पुसून पुन्हा वाचला. सहज लिहिलंस की तुला काही म्हणायचं होतं, हे मला ठरवता येईना. तू माझी पत्रं वाचतेस एवढं कळलं. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो.

मॅट काढून टाकलं. खालचा पत्रा उघडा करून गाडी चालवली. गिअर जडच.

मग सुग्रीवनं गाडी स्वतःच्या हातात घेतली. मी शेजारी बसलो. गेटपासून पोलीस ठाण्यापर्यंत आणि परत. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यासारखे पडत होते. रिव्हर्सही पडला, आवाज नाही की काही नाही.

"माझ्या हातात तर लई मऊ पडतोय," तो म्हणाला. "आता तुमी चालवा."

मी चालवायला घेतली. तो दांड्याकडं बघेचना. मान खाली घालून माझ्या पायांकडं बघत होता.

"काय बघतोस?"

"क्लच पुरा दाबा."

"दाबलाय."

"न्हाई दाबला अप्पा. चार बोटं राह्यलाय."

मी दात आवळून डावा पाय रेटला. गुडघ्यात कळ आली आणि गिअर आपसूक पडला. हा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय, तुम्हा दोघांना सांगितलं नव्हतं. म्हणजे ऑइल चांगलं होतं, डब्बा चांगला होता. पाय खाली जात नव्हता म्हणून मी दांड्याला दोष देत होतो.

"मंग केबल कावून बदललीस?" मी त्याच्यावर घसरलो.

"ती बी खराबच व्हती," तो म्हणाला. मग म्हणाला, "अप्पा, आता गाडी चालवू नका. चढावर पाय आखडला तर आवरायची न्हाई."

मी चावी त्याच्यासमोर टाकली आणि चालत घरी आलो. राग आला होता. कोणाचा ते घरी आल्यावर कळलं.

गिअर जड झाला की जो तो दांड्याकडं बघतो. पेडलखाली वाकून कोणी बघत नाही. मी एकदा वाकून बघितलं होतं, रुद्राणी. मोरीवरून गाडी आणायला गेलो होतो त्या दिवशी.

आज पुढचं लिहिता येत नाही. चार वेळा लिहून फाडलं.

अप्पा


१८ ऑगस्ट २०२५

चि. रुद्राणी,

आज श्रावणातला शेवटचा सोमवार. इष्टलिंग हातावर घेऊन पूजेला बसलो आणि उठलो तो आधी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. या पत्रासोबत पार्सल येईल, त्यात डब्यातली वस्तू आहे. आधी पत्र वाच.

गाडीत चपला काढायचा नियम मीच केला होता. आत बसवण्णा आहेत, पायताण नको. सगळ्यांच्या चपला पिशवीत आणि पिशवी डिकीत. पाहुणे आले तरी सोडायचो नाही, तुझ्या मामांना एकदा भर चौकात उतरवून चपला काढायला लावल्या होत्या. फक्त मी स्वतः डिकीपर्यंत जायचा कंटाळा करायचो. गाडीत बसून चपला काढायचो आणि माझ्याच सीटखाली सारायचो. आई म्हणायची, "तुमचा नियम तुमाला न्हाई का?" मी हसून सोडून द्यायचो.

त्या दिवशी सकाळी दुकानातून गाडी दारात मीच आणून लावली. पूजेला उशीर झाला होता, तसाच अनवाणी उतरून घरात गेलो आणि उंबऱ्यातून तुझ्याकडे चावी टाकली. चपला सीटखालीच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर घेतल्यावर ती माणसं बिडी प्यायला बाजूला गेली. मी आत बसून क्लच दाबला. तो अर्ध्यावर थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. वाकून बघितलं तर माझी डाव्या पायाची चप्पल पेडलखाली आडवी बसलेली होती. जाड तळाची, तुला माहीत आहे. उतारावर तू ब्रेक दाबलास तेव्हा सीटखालून पुढं सरकली असणार. तुझ्या पायात काही नव्हतं, तू नियम पाळला होतास. तू पाय रेटत होतीस आणि खाली माझी चप्पल होती.

मी ती ओढून काढली. क्लच तळापर्यंत गेला. गाडी चालवत घरी आणली.

त्याच क्षणी दवाखान्यात येऊन सांगायला हवं होतं. तूही तिथं होतीस, आईही होती. पण आदल्या दिवशी वीस माणसांसमोर तुला बोलून बसलो होतो. वाटलं, आईचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. ऑपरेशन झालं. वाटलं, ती चालायला लागू दे. ती वॉकर धरून चालायला लागली. मग वाटलं, आता सगळे विसरलेत, कशाला उकरायचं. विसरलं कोणीच नव्हतं. तीन वर्षांनी ती गेली. तिला माती देऊन आल्यावर थोरल्या भावानं अंगणात चार माणसांत म्हटलं, "पोरीनंच आईला अंथरुणाला खिळवलं." तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलीस, ती आजतागायत फिरकली नाहीस.

मी भित्रा आहे म्हणून गप्प बसलो. दुसरं कारण नाही. भाव चुकीचा सांगितला तर गिऱ्हाइकाला परत बोलावून सांगणारा मी, माझ्या मुलीबाबत साडेअकरा वर्षं तोंड शिवून बसलो.

त्या दिवसापासून माझ्या चपला पिशवीत जातात.

पार्सलमध्ये ती चप्पल आहे. अंगठ्याजवळ आडवा खोल वण दिसेल, तो पेडलच्या लोखंडाचा आहे. तेवढा वण पडायला किती जोर लागला असेल ते मला रोज कळत होतं. तुला चालवता येत होतं, रुद्राणी. क्लच खाली जात नव्हता. तू खरं सांगत होतीस.

गिअरचं निमित्त होतं. पहिलं पत्र लिहायला घेतलं तेव्हाच हे लिहायचं होतं.

अप्पा


९ सप्टेंबर २०२५

चि. रुद्राणी,

महांतेशला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी ताईला फोन करतो," आणि माझा फोन ठेवून दिला. मागच्या दोन्ही रविवारी त्याचा फोन आला नाही.

थोरल्या भावाकडेही जाऊन आलो. त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही हे मी विसरलो होतो. ओट्यावर बसलो आणि हळू आवाजात सांगायला लागलो. ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मोठ्यानं बोल बे." शेवटी ओरडावं लागलं. "दादा, चप्पल माझी व्हती. पोरीची चूक न्हवती." समोरच्या घरातली सून बाहेर आली. पिठाच्या गिरणीवरची माणसं बघायला लागली. भावानं विचारलं, "कुणाची चप्पल?" मी पुन्हा ओरडलो, "माझी." तीन वेळा ओरडलो. एवढ्या वर्षांत कानात सांगायची हिंमत झाली नव्हती, ते गल्लीला ओरडून सांगावं लागलं. भाऊ ऐकून घेऊन म्हणाले, "मंग मी त्या दिवशी उगंच बोललो." मी म्हणालो, "मी उगंच गप्प बसलो." हे त्यांना ऐकू आलं नाही.

गाडी सुग्रीवच्या गॅरेजमध्ये आहे. मी आता चालवत नाही. आठवड्यातून एकदा तो चालू करून ठेवतो. दुसरी चावी घरी देवळीत असते. ये असं मी लिहीत नाही. तो अधिकार माझा मीच घालवला.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. पार्सल पोचल्यावर तुझा फोन आला. जेवलात का असं विचारलं नाहीस. एकच विचारलंस, "आईला माहीत होतं?" मी म्हणालो, "हो." तू फोन ठेवलास.

ते खोटं होतं.

एकट्याला झेपेना म्हणून अर्धं ओझं तिच्या अंगावर टाकलं. ती काही बोलायला परत येणार नाही, म्हणून. बारा दिवस झाले, मला घास गिळत नाही. आता खरं काय ते लिहितो.

तिला माहीत नव्हतं. माझ्या चपला बदलल्या तेव्हा तिनं विचारलं, मी म्हणालो, जुनीचा अंगठा तुटला. पण तिच्या डोक्यातून तुझं वाक्य जात नव्हतं. वॉकर सोडून पलंगावर बसली की समोरच्या कठड्याला डावा पाय लावायची आणि दाबून बघायची. जन्मात कधी स्टेअरिंगमागं न बसलेली बाई. मला विचारायची, "पोरगी म्हनती अर्ध्यावर थांबला. अर्ध्यावर कावून थांबंल हो क्लच?" मी म्हणायचो, "पड आता."

एकदा सुग्रीव सायकलचं पंक्चर काढायला घरी आला होता. तिनं त्याला आत बोलावून विचारलं. हे मला परवा त्यानंच सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "काकू, पेडलखाली काई अडकलं आसंल तर थांबतो." त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं होतं, ते मला लख्ख आठवतं. मी ताट घेऊन तिच्याजवळ गेलो होतो. ती म्हणाली, "तुमी गाडी आनायला गेलता, तवा पेडलखाली काई व्हतं का?"

मी तिच्या तोंडावर म्हणालो, "न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. संशय नव्हता तिच्या नजरेत. संशय असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग दुसरं काईतरी आसंल. पन माझी पोरगी खोटं बोलत न्हाई."

जाईपर्यंत ती विचारतच राहिली. केबल तुटली असेल का, थंडीनं आखडला असेल का, चढावर असं होतं का. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. तुला कधी विचारलं नाही, कारण तुझं उत्तर तिनं पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं. माझंही केलं होतं. आपण दोघंही खरं बोलतोय असं धरून ती तीन वर्षं तिसरं कारण शोधत होती.

अप्पा